एनॉकच्या माश्यांना आधी कळलं

पेनीहोल्टमध्ये कुणाला पत्ता विचारू नये. विचारलाच तर उत्तर असं मिळतं: "सरळ जा, लोहाराच्या भट्टीपाशी डावीकडे वळा, एल्मचं मोठं झाड लागलं की त्याच्या पलीकडचं घर." आता लोहार जाऊन दोन पिढ्या झाल्या, भट्टीच्या जागी ट्रॅक्टरची शेड आली आणि तो एल्म तर रोग पडून केव्हाच सरपणाला गेला. परका माणूस गावाला दोन फेऱ्या मारतो, तळ्यातली बदकं त्याला ओळखायला लागतात आणि शेवटी तो डल्सी क्रॅबच्या दुकानात येऊन पुन्हा विचारतो. डल्सी पुन्हा तेच सांगते, फक्त जरा मोठ्याने. जे डोळ्यांना दिसतं ते तोंडाने कशाला सांगायचं, असा आमच्या लोकांचा हिशेब. चर्च दिसतं, पाण्याचा पंप दिसतो, 'ब्लॅक रॅम' पबची पाटी दिसते. सांगायचं ते जे आता नाही त्याबद्दल.

अशा गावात फीबी पार्डो लढाईच्या दिवसांत आली. मूळची लेस्टरची, मोज्यांच्या कारखान्यातली पोरगी. गावोगावचे गडी फौजेत गेले म्हणून शेतांवर कामाला शहरातल्या मुली पाठवत होते, त्यांतली एक. पहिल्या दिवशी गाय अंगावर आली असं वाटून ती कुंपणावरून उडी मारून पळाली होती. गाय बिचारी नुसती जांभई देत होती. ती गोष्ट पबमध्ये अजून सांगतात. पुढे तीच फीबी अख्खा कळप एकटीने दोहायला लागली. चर्चच्या आवारात कबरी खणणाऱ्या हॅरल्ड पार्डोशी तिचं लग्न झालं, रोझलिंड झाली, ती मोठी होऊन लग्न करून आईच्याच गावी, लेस्टरला, निघून गेली. फीबीने चर्चच्या फरशा घासल्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांची आजारपणं काढली, सुगीच्या जेवणाला दरवर्षी बेदाण्याचा केक केला. तरी गावाच्या तोंडी ती 'लेस्टरची बाई'च राहिली.

"लेस्टरच्या बाईचा केक यंदा चांगला फुगलाय हं," असं लोक म्हणायचे. त्यात वाकडं काही नव्हतं, मायाच होती. पण फीबीला लागायचं. हॅरल्डला ती म्हणायची, "मी मेले की दगडावर काय लिहिणार आहात? 'लेस्टरची बाई, परत गेली नाही' असं?"

"तुझा खड्डा मीच खणणार आहे," हॅरल्ड म्हणायचा. "तेव्हाचं तेव्हा बघू."

पण खड्डा आधी त्याच्यासाठीच लागला.

हॅरल्डला पुरलं ते चर्चच्या आवाराच्या पार टोकाला, दगडी भिंतीला लागून. भिंतीच्या पलीकडे एनॉक लडलमची बाग आणि भिंतीला पाठ लावून त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या. एनॉक म्हणजे मोठ्या शेतावरचा जुना ट्रॅक्टरवाला, सडाफटिंग, आणि तोंडात कायम मिठाची गुळणी धरलेला. पबमध्ये एक बोट वर करायचा, म्हणजे नेहमीचं. दोन बोटं म्हणजे सोबत कुणीतरी आलंय. तिसरं बोट कुणी पाहिलेलं नाही. देवाने त्याला जेवढे शब्द दिले होते ते सगळे तो माश्यांवर खर्च करायचा. आमच्याकडे ती रीतच आहे. कुणी जन्मलं, कुणी गेलं, कुणाचं लग्न ठरलं की घराची किल्ली घ्यायची, पेटीवर हलकेच ठोठावायचं आणि माश्यांना सांगायचं. नाही सांगितलं तर त्या रुसतात. खोटं सांगितलं तर सरळ उठून निघून जातात. याला कुणी अंधश्रद्धा म्हणो, आम्हाला मध मिळतो.

अंत्यविधी झाल्यावर सगळे चहाला हॉलमध्ये गेले आणि फीबी विसरलेले हातमोजे घ्यायला एकटीच कबरीपाशी परत आली. तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला. टक, टक, टक.

"हॅरल्ड पार्डो गेला बरं का," एनॉक सांगत होता. "आजच पुरला. माझ्या बापाची कबर त्यानेच खणली होती. कडा अशा सरळ होत्या की आत उतरताना बापाला संकोच वाटला असेल. चांगला माणूस. आता फीबी एकटी पडली. तिच्या बागेत गेलात तर तिला चावू नका."

चर्चमध्ये सगळ्यांसमोर फीबीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. इथे ती भिंतीला टेकून पोटभर रडली. आपल्याबद्दल कुणी माश्यांना सांगितलं, घरच्यासारखं, नावाने, याचं तिला इतकं बरं वाटलं की हातमोजे पुन्हा तिथेच राहिले.

तेव्हापासून ती दर शनिवारी गवत कापायची कात्री घेऊन हॅरल्डच्या कबरीपाशी यायला लागली. गवत कापायचं, फुलं बदलायची आणि कान टवकारायचे. एनॉक शनिवारी माश्यांना आठवड्याची खबर द्यायचा. कुणाच्या मेंढीला तिळं झालं, पाद्रीसाहेबांनी कुणाला झापलं, कुणाच्या पोराने कुणाच्या पोरीला बस थांब्यावर काय म्हटलं, सगळं. हॅरल्डच्या कबरीवरचं गवत कुठल्याही लॉर्डच्या हिरवळीपेक्षा नेटकं झालं.

"तुला कसं गं सगळं आधी कळतं?" डल्सी वैतागून विचारायची. दुकान तिचं, आत उभं राहून बोलायचा गावाचा एकुलता टेलिफोनचा डबा तिच्या दारासमोर. बातमीवर पहिला हक्क तिचाच असायला हवा होता.

"अगं, हॅरल्ड सांगतो," फीबी म्हणायची. 

असं सगळं छान चाललेलं असताना यंदाच्या एप्रिलात, सफरचंदं मोहरली होती तेव्हा, किल्लीचा आवाज नेहमीपेक्षा जरा जोरात आला. एनॉकने दोनदा घसा साफ केला.

"ऐका," तो म्हणाला. "फीबी पार्डोला या घरात आणायचा माझा विचार आहे. कायमची. चर्चमागची लिंडेनची झाडं फुलायच्या आत. तिची हरकत नसेल तर. बाई मनाने चांगली आहे. बोलते जरा जास्त. तुम्हाला सवय होईल."

फीबीच्या हातातली कात्री थांबली. थांबायच्या आधी तिने डॅफोडिलची तीन मुंडकी उडवली होती. ती गुडघ्यांवर बसून राहिली आणि या वयात आपले कान असे गरम कसे झाले, याचं तिला हसू यायला लागलं. एनॉक तिला आवडायचा, अगदी मनापासून, आणि हे तिने आत्तापर्यंत स्वतःलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

आता तो येईल आणि विचारेल, म्हणून ती थांबली.

एनॉक आलाही. दर आठवड्याला यायला लागला, फडक्यात मधाचं पोळं गुंडाळून. ती चहा करायची. तो खुर्चीच्या अगदी काठावर बसायचा.

"पाऊस येईल म्हणतात," एनॉक म्हणायचा.

"येईल," फीबी म्हणायची.

"नाहीतर नाहीसुद्धा येणार."

"ते पण आहेच."

मग तो तिच्याकडे असा बघत बसायचा, जणू पुढची चाल तिची आहे. एकदा ती दूध आणायला आत गेली आणि परत येऊन बघते तर हा तिच्या आरामखुर्चीची रुंदी दोन्ही हातांनी मोजत होता. तिला बघून त्याने हात तसेच फैलावलेले ठेवले आणि म्हणाला, "यंदा कोबी एवढा होईल." पुढच्या आठवड्यात त्याने आपल्या खिडक्यांना हिरवा रंग दिला. हिरवा रंग आवडतो असं फीबी एकदा डल्सीच्या दुकानात बोलली होती, तेही खूप मागे.

"तुझ्यासाठीच रंगवल्या असणार," डल्सी म्हणाली. "विचार ना त्याला सरळ!"

"मी का विचारू? बोलायचं त्याने!"

खरं घोडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. 'तुम्ही माश्यांना काय सांगितलंत ते मला माहीत आहे' असं म्हणायचं, तर इतकी वर्षं भिंतीआड बसून चोरून ऐकलं हे कबूल करायचं. माणसाचं माश्यांशी बोलणं ही घरातली गोष्ट. दुसऱ्याच्या न्हाणीघरात डोकावल्यासारखंच ते. एनॉकला कळलं तर तो आयुष्यात पुन्हा तोंड उघडायचा नाही, आणि आधीच तो किती उघडत होता?

इकडे रोझलिंड आईला लेस्टरला न्यायला हात धुऊन मागे लागली होती. दर रविवारी टेलिफोनच्या डब्यात तिचं ठरलेलं बोलणं. "आई, खोली तयार आहे. दुसरी भाडेकरू विचारतेय. या महिन्यात हो की नाही ते सांग. तिथे तुला आहे काय आता? अजून लेस्टरची बाईच म्हणतात ना तुला?"

हे वर्मी बसलं. फीबी डब्यातून बाहेर आली तेव्हा चर्चमागची लिंडेनची झाडं कळ्यांनी लगडली होती. चार दिवसांत फुलली असती. माणसाने किती वाट बघायची? पुढच्या मंगळवारी, लिंडेनची पहिली फुलं उमलली तेव्हा, तिने कपड्यांची बॅग भरली, टोपी घातली आणि बसच्या थांब्यावर येऊन उभी राहिली. खोली बघायची आणि हो म्हणून टाकायचं. आमच्याकडे बस मंगळवारचीच.

आधी आवाज आला, दळण चालल्यासारखा. मग चर्चच्या बाजूने एक काळा ढग भिरभिरत आला, पंपावरून गेला, पबच्या पाटीवर बसावं की नाही याचा विचार केला आणि थेट बस थांब्याच्या खांबावर उतरला. बघता बघता खांबाला माश्यांची दाढी फुटली. पाठोपाठ एनॉक, एका हातात मुरंब्याचं तांब्याचं पातेलं, दुसऱ्या हातात घराची किल्ली, ठणाठणा बडवत. मोहोळ उठलं की असं वाजवत मागे पळायचं, म्हणजे ते आपलंच आहे हे गावाला कळतं आणि कुणाच्याही अंगणातून जायची मुभा मिळते. एनॉकने दोन अंगणं आणि पाद्रीसाहेबांचा वाटाण्याचा वाफा ओलांडला होता. बूट एकच होता.

सगळं गाव दारात आलं.

"काय सांगितलंस रे त्यांना, एनॉक?" डल्सी ओरडली. "खोटं बोललास ना काहीतरी?"

"खोटं नाही," एनॉक धापा टाकत म्हणाला. "उशीर झालाय."

"कशाला उशीर?"

एनॉकने एकदा फीबीकडे बघितलं आणि तो बीटासारखा लाल झाला. "घरची गोष्ट आहे ती."

तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरने खांबाकडे बघितलं, दार काही उघडलं नाही, खिडकीची फट तेवढी केली. "मी माणसांची तिकिटं फाडतो," तो म्हणाला. "यांची नाही. बाई, पुढच्या मंगळवारी या!" आणि बस गेली.

एनॉकने खांबाखाली पांढरी चादर पसरली, वर गवताची टोपली धरली आणि खांबाला एक धक्का दिला. मोहोळ भदकन टोपलीत पडलं. मग त्याचं लक्ष तिच्या बॅगेकडे गेलं.

"कुठे निघालात, मिसेस पार्डो?"

"लेस्टरला. रोझलिंडकडे. खोली बघायला."

"कसली खोली?"

"राहायची."

एनॉक उभाच राहिला. एक माशी त्याच्या मिशीवरून चालत या गालावरून त्या गालावर गेली. त्याचे ओठ हलले. 

"परत कधी येणार?"

"खोली आवडली तर कशाला येऊ परत?"

त्याने चादरीची टोकं टोपलीवर ओढून बांधली. मग म्हणाला, "पाऊस येईल म्हणतात."

फीबीला वाटलं, ते तांब्याचं पातेलं उचलावं आणि याच्या डोक्यात घालावं. ती बॅग घेऊन तरातरा घरी गेली आणि दोन दिवस तिने कुणाला दार उघडलं नाही. आधी तिला राग आला, मग रडू आलं, मग पातेलं बडवत एका बुटावर पळणारा एनॉक आठवून हसू आलं, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की लेस्टरच्या त्या खोलीत आपण या गोष्टीला एकट्याच हसणार. तिथल्या कुणाला हा एनॉक माहीतच नसेल. नाही, जायचं नाही. पण मग हे घोडं गंगेत न्हाणार कसं? त्याला माणसांशी बोलता येत नाही. ठीक आहे. आपल्याला तर माश्यांशीही बोलता येतं!

शनिवारी दुपारी एनॉक पबमध्ये बोट वर करून बसलेला असतो. ती वेळ साधून फीबी आपल्या घराची किल्ली घेऊन निघाली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बागेचं फाटक उघडून आत शिरली. पेट्या तिने इतकी वर्षं नुसत्या ऐकलेल्या. पुढून त्या तिला वाटल्या त्यापेक्षा लहान होत्या. नवं मोहोळ कडेच्या पेटीत घातलेलं होतं. तिथे जाऊन तिने ठोठावलं. 

"मी फीबी," ती म्हणाली. "भिंतीपलीकडची. हॅरल्ड गेल्यापासून मी तुमचं सगळं बोलणं ऐकत आलेय, त्याची माफी मागते. तुमचा मालक तुमच्याशी खोटं बोललेला नाही. त्याला फक्त तोंड नाही. म्हणून मीच सांगते. मी येते. माझी खुर्ची पण येते, ती दारातून जात नसेल तर दार तोडायचं. हिरव्या खिडक्या छान दिसतात, पण दाराला तोच रंग देऊ नका म्हणावं. आणि मी जास्त बोलते हे खरं आहे. करून घ्या सवय."

माश्या आपल्या कामात होत्या. मग भिंतीपलीकडून कुणीतरी खोकलं.

"फीबी," एनॉक म्हणाला. तोंडावर तिला नुसतं नावाने त्याने कधी हाक मारली नव्हती. निदान ती तसं समजत होती.

फीबी तिथे पडलेल्या घमेल्यावर चढली आणि भिंतीवरून डोकावली. हॅरल्डच्या कबरीपाशी एनॉक उभा होता. अंगात चांगला कोट, केस पाण्याने चापून बसवलेले, टोपी हातात.

"तुम्ही तिकडे काय करताय?"

"तुझी वाट बघतोय. शनिवारी तू इथे असतेस."

"ते... तुम्हाला माहीत होतं?"

"कात्रीचा आवाज येतो की. पहिल्यापासून येतो." एनॉकला खरोखर नवल वाटलेलं दिसलं. "नाहीतर माश्यांना काय करायच्यात पाद्रीच्या शिव्या? मी सांगत कुणाला होतो इतकी वर्षं?"

फीबीच्या पायाखालचं घमेलं डगमगलं.

"एप्रिलात विचारलंच की तुला," तो म्हणाला. "मोठ्याने विचारलं. कात्री थांबली. म्हटलं, विचार करतेय. करू दे. मग दर आठवड्याला उत्तर घ्यायला येत होतो. तू आपली पावसाचं बोलत बसायचीस."

"मी? मी पावसाचं?"

"तुझी हरकत नसेल तर, असं मी म्हटलंच होतं. तू हरकतही सांगेनास. म्हणून खिडक्या रंगवून घेतल्या."

फीबी इतकी हसली की भिंतीला धरून बसावं लागलं. हसता हसता डोळ्यांना पाणी लागलं आणि ते तिने पुसलंही नाही. "अरे एनॉक," ती म्हणाली, "आता तरी इकडे ये ना, बाबा!"

"येतो." त्याने टोपी घातली, पुन्हा काढली आणि कबरीकडे वळून बघितलं. "हॅरल्डला सांगून ठेवलंय. तो काही बोलला नाही."

"तो जिवंतपणीही मला विचारल्याशिवाय काही बोलत नसे."

लिंडेन पुरती फुलायच्या आत नाही, पण फुलं झडायच्या आत लग्न झालं. पेट्यांना पांढऱ्या फिती बांधल्या आणि माश्यांसाठी केकचा तुकडा ठेवला, बेदाण्याचाच. रोझलिंड आली, खुर्ची दारात अडकली, दाराची चौकट सुताराने काढून पुन्हा बसवली. फीबीच्या जुन्या घरात शाळेची तरुण बाई राहायला आली आणि तिने पुढचं दार पिवळंधमक करून टाकलं.

सुगीच्या सुमारास फीबी डल्सीच्या दुकानात चहाचा पुडा घ्यायला गेली होती. मेंढ्यांचं खाद्य घेऊन आलेला एक लॉरीवाला आत शिरला. गावाला दोन फेऱ्या मारून झाल्या होत्या, हे त्याच्या तोंडावरूनच कळत होतं.

"सोपं आहे," डल्सी म्हणाली. "सरळ जा. फीबी पार्डो राहायची ना, तिथून डावीकडे."

"आणि ते कसं ओळखायचं?"

"आता काय सांगायचं याला?" डल्सी वैतागली. "अहो, सगळ्यांना माहीत आहे ते!"

'लेस्टरची बाई' नव्हे, फीबी पार्डो! फीबीने चहाचा पुडा उचलला. पैसे द्यायचे राहिले, डल्सीनेही मागितले नाहीत. ती घाईघाईने घरी आली, खुंटीवरची किल्ली काढली आणि थेट पेट्यांपाशी गेली. भिंतीपलीकडे एनॉक हॅरल्डच्या कबरीवरचं गवत कापत होता. ते काम आता त्याने घेतलं होतं. तिने पेटीवर ठोठावलं आणि घसा साफ केला.

"ऐका," ती जरा मोठ्यानेच म्हणाली.

पलीकडचा कात्रीचा आवाज थांबला.